तिन्हीसांजेचं दार

काका टाय बांधल्याशिवाय दिवा लावत नसत. इस्त्रीचा शर्ट, तपकिरी टाय, पायात घरातल्या सपाता. एका स्टीलच्या ताटलीत निरांजन ठेवायचं, आपल्या फ्लॅटचं दार सताड उघडायचं, काखेत वरवंटा मारायचा आणि जिना उतरून खाली जायचं. बिल्डिंगचा मोठा दरवाजा उघडून त्याला वरवंट्याची अडण लावायची आणि परत पहिल्या मजल्यावर येऊन आपल्या उंबऱ्याशी उभं राहायचं. ना जप, ना स्तोत्र. नुसतं उभं राहायचं. बाहेर पुरता काळोख झाला की खाली जाऊन दरवाजा लावायचा, वरवंटा उचलायचा, घरी येऊन टाय सोडायचा. हे रोज. पाऊस असो, बर्फ असो, नाताळ असो.

हे सगळं ड्युसेलडॉर्फमध्ये चालायचं, जिथे दार उघडं राहिलं की लोकांना आपलंच काहीतरी उघडं पडल्यासारखं वाटतं. काका जाऊन फार दिवस झाले नाहीत. मी आता फ्रँकफर्टला असते. ते गेल्याचं कळलं तेव्हा संध्याकाळचीच वेळ होती आणि मी काही विचार न करता उठून आमच्या फ्लॅटचं दार उघडलं. मुलगी आतून जर्मनमध्ये ओरडली, "आई, गारठा येतोय." मी लावून घेतलं.

त्या बिल्डिंगमध्ये मी राहायला गेले ती नोव्हेंबरात. टेम्पोतून खोकी उतरवत होतो आणि समोर दरवाजा आयताच उघडा. मला वाटलं, काय सज्जन शेजार आहे. वर पहिल्या मजल्यावर टायवाले गृहस्थ दिसले म्हणून मी माझ्या तेव्हाच्या मोडक्या जर्मनमध्ये आभार मानले. ते मराठीत म्हणाले, "बेलवर नाव वाचलं तुमचं. दार तुमच्यासाठी नव्हतं उघडलं, पण आलात ते बरं झालं." आणि पुन्हा दरवाज्याकडे बघत उभे राहिले. मी दोन्ही हातांत कुकरचं खोकं धरून तिथेच.

पुढे ओळख वाढली तेव्हा मी विचारलं होतं, "काका, लक्ष्मी यावी म्हणून ना हे?" आमच्याकडेही आई दिवेलागणीला दार लोटू देत नसे.

"लक्ष्मी कशाला येतेय इथे? लिफ्टसुद्धा नाही," ते म्हणाले. ते विनोद करत तेव्हा तोंडावरची रेघ हलत नसे. मग म्हणाले, "येण्यासाठी कोण उघडतंय? मी जाण्यासाठी उघडतो."

"कुणाच्या जाण्यासाठी?"

"आल्झो, म्हणजे असं बघ, दिवसभरात घरात जे साचतं, त्याला संध्याकाळी बाहेर पडायचं असतं. दार लावलेलं दिसलं की ते परत फिरतं. मग बसतं, कोणी झोपलेलं असेल त्याच्या उशाशी. म्हणून तिन्हीसांजेला झोपू नये म्हणतात. तुला कोणी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. पण कारण हे नव्हतं सांगितलं. आमच्या घरी कारण म्हणून एक धपाटा असायचा, तेवढा पुरायचा.

काका तरुणपणी इथल्या एका यंत्रांच्या कंपनीत आले आणि इथलेच झाले. बायको जर्मन. जर्मन त्यांचं माझ्यापेक्षा दसपट बरं, मराठी मात्र येताना जसं आणलं तसं जपून ठेवलेलं. ते अजून ऑफिसला हपीस म्हणत आणि मधूनच 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', असं म्हणून मान डोलवत. बायको होती तोवर त्यांचा हा कारभार स्वतःच्या उंबऱ्यापुरता होता. ती स्वयंपाकघरात कोट घालून बसायची म्हणे, आणि कुरकुर न करता दार लावायची वाट बघायची. ती गेल्यावर ते खालच्या दरवाज्यापर्यंत गेले. का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, वांगी चिरता चिरता.

"ती गेली तेव्हा संध्याकाळ होती. आमचं दार उघडं होतं, पण खालचं बंद. मला सुचलंच नाही. मग काही दिवस ती जिन्यातच होती."

"म्हणजे?"

"खोकला यायचा ना तिचा. रोज संध्याकाळी, दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मध्ये. मग एके दिवशी मी खाली जाऊन दरवाजा उघडला आणि उभा राहिलो. त्यानंतर नाही आला." त्यांनी वांग्याच्या फोडी पाण्यात टाकल्या. "हिंग आहे का गं तुझ्याकडे? माझा संपलाय."

मी हिंग आणायला वर, तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडे निघाले. दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मध्ये माझी पावलं आपोआप भराभर पडली, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. त्यानंतर ती कायमच तशी पडत.

आता एक गोष्ट. काका सोसायला सोपे नव्हते. लांबून ऐकताना असा माणूस गोड वाटतो. एका जिन्यात राहून बघावं. जर्मनीत जूनमध्ये तिन्हीसांज होते रात्री दहाच्या सुमाराला, नेमकी सगळ्यांनी गप्प बसायची वेळ झाली की यांची सपातांची फटफट सुरू. डिसेंबरात साडेचारलाच अंधारून येतं, तेव्हा जिन्यात अशी थंडी शिरायची की भिंतीसुद्धा ओल्या वाटायच्या. उघड्या दारातून एकदा कोणी दारुडा येऊन तळघराच्या पायऱ्यांवर झोपला. एक सायकल गेली. आणि तो वरवंटा! काळा, गुळगुळीत, दाराच्या फटीत आडवा. त्या लोकांना तो काय आहे तेच कळेना. एकाने मला हळूच विचारलं होतं की ते तुमच्याकडचं काही धार्मिक आहे का. मी म्हटलं, चटणी वाटतात त्याने. त्याचा विश्वास बसला नाही.

सगळ्यात जास्त झळ लागली ती तळमजल्यावरच्या बाईंना. त्या हॉस्पिटलात नर्स होत्या, एकट्या राहायच्या, आणि बहुतेक रात्रपाळी असायची. नर्सला इथे श्वेस्टर म्हणतात, म्हणून काका त्यांना म्हणायचे श्वेस्टरबाई. रात्रपाळीचं माणूस दिवसा झोपणार, आणि हिवाळ्यात तिन्हीसांज त्यांच्या ऐन झोपेत यायची. तर काका दरवाजा उघडायला खाली जात तेव्हा जाता जाता त्यांची बेल वाजवत. दार उघडलं की म्हणत, "श्वेस्टरबाई, उठा. ही झोपायची वेळ नाही."

सुरुवातीला त्या हसल्या. गजराचं काम होतं म्हणाल्या. एकदा काकांना त्यांनी सफरचंदाचा केकही दिला होता. पण हे वर्षानुवर्षं, सुट्टीच्या दिवशी, तापातही. त्या विनवून थकल्या. बेलची वायर काढून टाकली, तर काका दारावर बोटाने टकटक करू लागले. मीही त्यांना म्हटलं, "काका, हे बरं नाही. ती बाई रात्रभर दुसऱ्यांची उस्तवार करते."

"म्हणूनच," ते म्हणाले. "हॉस्पिटलातून ती काय काय घेऊन येते घरी, तिला माहीत नाही. ती झोपलेली असते तेव्हा तिच्या दाराशी कोण कोण उभं असतं, ते तू बघितलेलं नाहीस."

मला राग आला होता. अशा बोलण्याला उत्तर देता येत नाही आणि ऐकून घेतलं की रात्री आठवतं.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांचं झालं. एकटे जर्मन गृहस्थ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मी सामानाच्या पिशव्या घेऊन वर येत होते, तर काका आपला उंबरा सोडून दुसऱ्या मजल्यावर, त्या म्हाताऱ्यांच्या बंद दारासमोर उभे. हातात निरांजनाची ताटली.

"काय झालं काका?"

"हे आत नाहीत."

"बाहेर गेले असतील."

"बाहेरही नाहीत," काका म्हणाले.

त्यांनीच फोन करून माणसं बोलावली. दार फोडलं. म्हातारे खुर्चीत बसल्या जागी गेले होते. जिन्यात सगळे जमले, श्वेस्टरबाईसुद्धा शालीत गुंडाळून वर आल्या होत्या, आणि ते स्ट्रेचर खाली नेताना काकांनी पुढे होऊन खालचा दरवाजा धरला. त्यांनीच कळवलं म्हणून त्या माणसाला वेळेवर माती मिळाली. पण कोणी त्यांचे आभार मानले नाहीत. सगळ्यांच्या डोळ्यांत एकच प्रश्न होता, याला कसं कळलं?

मी विचारलं. काका म्हणाले, "दाराखालून उजेड यायचा त्यांच्या, रोज. त्या दिवशी नाही आला."

"एवढंच?" मला हायसं वाटलं.

"एवढं पुरतं की. शिवाय ते माझ्या शेजारीच उभे होते."

यानंतर श्वेस्टरबाई वकिलाकडे गेल्या. मी त्यांना दोष देत नाही. मेलेल्या माणसाच्या दाराबाहेर जो उभा राहतो, तो रोज आपल्याही दाराबाहेर उभा राहतो, हे कोणाला सोसेल? बाकीच्या घरमालकांनीही सह्या केल्या. कोर्टाने त्यांचं लेखी म्हणणं वाचलं, काकांना न बोलावता, आणि मनाईहुकूम काढला. पिवळ्या पाकिटातून तो घरी आला.

काकांनी मला खाली बोलावलं. मला वाटलं, जर्मन अडलं असेल. अडतंय कसलं. ते म्हणाले, "मला हे मराठीतून वाचून दाखव. आपल्या भाषेत मला कोणी असं बोललं असतं का ते ऐकायचंय."

मी वाचलं. मूळ वाक्यं लांबलचक होती, मी जमेल तसं फोडून सांगितलं. सूर्यास्ताच्या आसपासच्या काळात यांनी जिन्यात जाण्यायेण्यापलीकडे थांबू नये. स्वतःच्या फ्लॅटचं दार कारणाशिवाय उघडं ठेवू नये. बिल्डिंगचा दरवाजा उघडा ठेवू नये, आणि दुसऱ्या कोणाकडून ठेववूही नये. कोणाच्याही दारासमोर उभं राहू नये. हुकूम मोडल्यास दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कोठडी.

"आपल्या घराचं दार?" काका म्हणाले. "बरं. पुन्हा वाच ते, दुसऱ्याकडून ठेववू नये."

मी पुन्हा वाचलं. ते बराच वेळ त्यावर विचार करत बसले.

मी त्यांना बळेच एका वकिलाकडे नेलं. वकील भला होता. मी विचारलं, दरवाजा उघडून उभं राहणं हा गुन्हा आहे का? तो म्हणाला, नाही, म्हणून तर हा मार्ग. गुन्हा असता तर पोलिसांना सिद्ध करावा लागला असता. इथे आधी त्या माणसापुरता नियम होतो, आणि मग तो नियम मोडला की शिक्षा. मी घरी येताना ट्राममध्ये याच गोष्टीचा विचार करत होते. मी हवं तर त्या दरवाज्यात रात्रभर उभी राहिले असते, मला कोणी हात लावला नसता. पोस्टमन उभा राहू शकत होता, तो दारुडासुद्धा. जगात एकाच माणसाला तिथे उभं राहण्याबद्दल कोठडी होती आणि तो माझ्या शेजारच्या सीटवर हातात टोपी घेऊन बसला होता. मला एकदम फार भीती वाटली. त्यांची नाही, त्या कागदाची.

हरकत घ्यायची मुदत होती. काकांनी घेतली नाही. "शेजाऱ्यांशी कोर्टात भांडायचं, आणि मग जिन्यात कुठल्या तोंडाने भेटायचं?" म्हणाले. वरवंटा माझ्याकडे ठेवायला दिला आणि हुकूम पाळू लागले.

तो पाळणं मी पाहिलं आहे. संध्याकाळ झाली की शर्ट, टाय, निरांजन, सगळं तसंच. फक्त दार बंद. त्या बंद दारासमोर खुर्ची टाकून, गुडघ्यांवर हात ठेवून बसायचे. मला ते सहन होईना म्हणून मीही लॅपटॉप मिटून त्या वेळेला त्यांच्याकडे जाऊन बसू लागले. विजेचा दिवा लावायचे नाहीत, नुसती ती एक वात. नळातून पाणी जाण्याचा आवाज, वरच्या मजल्यावर कोणाची तरी खुर्ची सरकली. आणि काका मधूनच, ट्रेन किती वाजता आहे सांगावं तशा आवाजात, "आता जिन्यात गर्दी झाली."

"काका, नका ना."

"तुला काही करणार नाहीत. त्यांना फक्त जायचंय."

आणि मग एके संध्याकाळी ज्योत आडवी झाली. दाराखालच्या फटीतून गार वारा आला, थेट पायांवर. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "उघडलं कुणीतरी."

मी जिन्याच्या वळणापर्यंत उतरले; तिथून दरवाज्याच्या मागचा कोपरा दिसत नसे. बिल्डिंगचा दरवाजा भिंतीपर्यंत उघडा होता. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दरवाजा आपोआप लावणारं ते वरचं यंत्र आमच्याकडे चांगलं कडक होतं. लोटलेला दरवाजा धरून ठेवायला जोर लागायचा. मी पाहत असतानाच तो सुटल्यासारखा झाला आणि हळूहळू मिटला.

असं पुन्हा झालं, आणि पुन्हा. ते यंत्र बदललं, कुलूप बदललं. काही उपयोग नाही. वरच्या मजल्यांवरचे लोक आता संध्याकाळी खिडकीतून आणि जिन्याच्या कठड्यावरून पाळत ठेवू लागले, उघड्या दरवाज्याचे फोटो काढून पाठवू लागले. फोटोत काका नसायचे, पण फोटो बघणाऱ्याला काका दिसायचे. मी घरोघर जाऊन सांगितलं की तेव्हा मी त्यांच्याजवळ बसले होते. लोक सभ्यपणे ऐकून घेत. तुम्ही एकाच देशाचे, असं कोणी म्हणालं नाही, पण माझ्या तोंडावर दार जरा लवकरच मिटायचं. काकांना आधी दंड झाला. मग दुसऱ्यांदा तारीख लागली, आणि त्यात कोठडीचा उल्लेख होता. सत्तरी उलटलेला माणूस. मला झोप लागेना.

तारखेच्या आदल्या आठवड्यात मी ट्राममधून उतरून घरी येत होते. आकाश शाईच्या डागासारखं झालं होतं. लांबूनच दरवाजा उघडा दिसला, आणि दरवाज्यात कोणीतरी उभं दिसलं. वाटलं काका. जवळ गेले तर श्वेस्टरबाई.

अंगात झोपायचा गाऊन, वर लोकरीचा स्वेटर, पाय उघडे. पाठ टेकवून त्यांनी दरवाजा धरला होता. डोळे सताड उघडे. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या जिन्याकडे बघत होत्या आणि त्यांची नजर हळूहळू, एकामागून एक, रस्त्याकडे सरकत होती. एकदा त्यांनी पाऊल मागे घेतलं, आपण दारात उभं असताना कोणी सामान घेऊन जात असेल तर घेतो तसं. मध्येच किंचित मान लववली. मी फूटपाथवरच थांबले. मला त्या दरवाज्यातून आत जायचं धाडस झालं नाही, कारण आतून कोणी बाहेर येत असताना आपण घुसू नये असं मनात आलं. असं का आलं, मला अजून सांगता येत नाही. काही वेळाने त्या वळल्या, दरवाजा सुटला, आणि त्या आत जाऊन झोपल्या.

दुसऱ्या दिवशी पत्रांच्या पेटीपाशी भेटल्या. चेहरा ताजातवाना. "हल्ली मला फार छान झोप लागते," म्हणाल्या, "कोणी उठवत नाही ना. पण काल पुन्हा उघडलं होतं त्यांनी दार, पाहिलंत?"

मी धावत काकांकडे गेले. सगळं सांगितलं. सुटलात तुम्ही, म्हटलं, मी साक्ष देते.

काकांना आश्चर्य वाटलं नाही. फक्त वाईट वाटलेलं दिसलं. "पाय उघडे होते?" त्यांनी विचारलं. "एवढ्या थंडीत?"

"काका, ऐकताय ना? ती झोपेत उघडते."

"उघडणारच. एवढी वर्षं त्याच वेळेला मी तिला उठवलं. आता मी नाही उठवत, तर ती तशीच उठते. सवय मी लावली." मग त्यांनी तो कागद काढला, चष्मा लावला आणि बोट ठेवून दाखवलं. "दुसऱ्या कोणाकडून ठेववू नये. आहे ना लिहिलेलं? ठेववलंच की मी."

"याला काय अर्थ आहे! तुम्ही काय जादूटोणा केलाय?"

"तू साक्ष देणार म्हणजे काय सांगणार? की ही बाई झोपेत चालते. ती नर्स आहे, रात्री लोकांना औषधं देते. तिचं काय होईल? आणि उद्या वरचे लोक तिच्यावर असाच कागद काढतील. एकदा एकावर निघाला की दुसऱ्यावर काढायला काही लागत नाही. तू बोलायचं नाहीस."

मी बोलले. वकिलाला फोन करून सगळं सांगितलं. त्याने मला साक्षीदार म्हणून बोलावलं आणि कोर्टाच्या बाहेर बाकावर बसवलं. मी तिथे बसून जर्मन वाक्यं पाठ करत होते. माझं नाव पुकारलंच गेलं नाही. आत न्यायाधीशांनी काकांना विचारलं, हुकूम मोडला गेला याला तुम्ही जबाबदार आहात का? काका म्हणाले, "हो, मीच." मग कोणाला विचारायचं राहिलंच काय? वकील बाहेर येऊन माझ्याशेजारी बसला आणि टाय सैल करत म्हणाला, "मला असा अशील कधी मिळाला नाही." आठवडाभराची कोठडी झाली.

ते कोठडीत गेले त्याच संध्याकाळी मी तळमजल्यावर जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसले. श्वेस्टरबाईंचं दार उघडलं. त्या माझ्या अंगावरून गेल्यासारख्या गेल्या, दरवाजा उघडला, पाठ टेकली. गार वारा आत आला. माझ्या मागे जिन्यात काही वाजलं, लाकूड असेल. मी वळून पाहिलं नाही. उठून त्यांच्याजवळ गेले, दोन्ही हात धरले आणि त्यांना नावाने हाक मारली. तीन-चार हाकांनंतर त्यांच्या डोळ्यांत कोणीतरी आलं. त्यांनी पायांकडे पाहिलं, दरवाज्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी बघायला आले होते, बंद आहे का ते," त्या म्हणाल्या.

"तुम्ही रोजच बघायला येता."

"कधीपासून?"

मी सांगितलं. त्या तिथेच थंडगार फरशीवर बसल्या. मी माझ्या अंगातला कोट त्यांच्या पायांवर टाकला. त्या म्हणाल्या, "आणि ते काहीच कसं बोलले नाहीत?" मला रडू आलं, कारण ते का बोलले नाहीत हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळीवरून येऊन त्यांनी न झोपता सगळीकडे फोन केले. चूक माझी होती, मी हे मागे घेते. पलीकडून सांगण्यात आलं की झालेली शिक्षा आता तुमच्या हातात नाही, आणि हुकुमाचं म्हणाल तर अर्ज करा, बाकीच्या मालकांच्याही सह्या लागतील, पाहू. त्या दार ठोठावत सह्यांसाठी फिरल्या. लोक म्हणाले, तुमचं मन मोठं आहे, पण असू दे की कागद, असलेला बरा. घाबरलेल्या माणसांना एकदा कुलूप मिळालं की ते किल्ली परत मागत नाहीत. तो हुकूम तसाच राहिला.

आठवडा संपला. मी आणायला येते म्हटलं तर काकांनी नको म्हणून कळवलं होतं. सुटका सकाळीच झाली होती; दिवसभर ते कुठे होते ते मला कधी कळलं नाही. दिवेलागणीला मी खाली गेले, तर श्वेस्टरबाई पक्क्या जाग्या, केस विंचरलेल्या, बूट घातलेल्या. त्यांनी दरवाजा भिंतीपर्यंत उघडला होता आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

काका समोरच्या फूटपाथवर आले आणि थांबले. गळ्यात टाय होता, जरासा वाकडा. आठवड्यात माणूस निम्मा झाला होता. श्वेस्टरबाईंनी हाक मारली, "या ना. तुमच्यासाठी उघडलंय."

"गुटन आबेंड, श्वेस्टरबाई," काका म्हणाले. "आधी दार लावा."

"अहो, मी धरलंय. तुम्ही नुसतं आत या."

"तेच म्हणतोय. मी इथे उभा आणि तुम्ही माझ्यासाठी दार धरलंय. दुसऱ्याकडून ठेववू नये, असं आहे. मला परत जावं लागेल."

"मी कोणाला सांगणार नाही," त्या म्हणाल्या.

काकांनी नुसती हनुवटी वर केली. मी दरवाज्याबाहेर पाऊल टाकून वर पाहिलं. तिसऱ्या, चौथ्या मजल्यावर, अंधाऱ्या खिडक्यांतून फोनचे छोटे उजेड दिसत होते. कोणी हलत नव्हतं.

मी आत आले. श्वेस्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी एक हात काढला, मग दुसरा. दरवाजा आमच्यावर हळूहळू मिटत आला आणि कुलूप बसलं. काचेतून काका दिसत होते. हुकुमाची वेळ टळून पुरता काळोख पडेपर्यंत, किल्ली खिशात असली तरी, ते तिथेच उभे राहणार होते, थंडीत, हे आम्हाला दोघींनाही कळत होतं. त्यांनी आमच्याकडे बघून मान डोलवली, बरोबर केलंत, अशी.